फुली मारायची घाई

इंग्रजीच्या तासाचा ठरलेला नियम: ‘एकमेकांना’ म्हणायचं तर दोघं असतील तेव्हा ‘ईच अदर’, जास्त असतील तेव्हा ‘वन अनदर’. अजून किती वर्षं हे पोरांच्या डोक्यात कोंबणार? इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश लिहिणाऱ्या फाउलरनं हा भेद १९२६ सालीच निकालात काढला: ना उपयोगाचा, ना इतिहासाला धरून. तरी गाइडात तो ठळक अक्षरात, पेपरात हमखास रिकामी जागा! ‘ऑल द प्लेअर्स हेल्प्ड ईच अदर’ लिहिलं की लाल फुली. का? इंग्रज सर्रास असंच बोलतात. ‘डिफरंट फ्रॉम’ऐवजी ‘डिफरंट टू’? पुन्हा फुली, ब्रिटनमध्ये रोज चालतं तरी! आणि ‘मॅरीड विथ’, ‘डिस्कस अबाउट’ या खऱ्या चुका समजावायला मात्र तासाला वेळ नाही. पोरगी वही आपटून म्हणते, मला इंग्रजी येतच नाही. अहो, येतं तिला! फुली मारण्याआधी शब्दकोश उघडायला काय जातं तुमचं?