विचार नंतर, आधी ढोल

‘विचारसरणीच्या ओढीनं पोरं दलममध्ये गेली’ हे नक्षलवादावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. (दलम म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी.) गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात मी नऊ वर्षं मास्तरकी केली. माझ्या वर्गातला एक पोरगा आठवीनंतर घरीच बसला. पावसाळ्यात नाल्याला पूर आणि आश्रमशाळा पल्याड. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधायचा, एरवी रिकामा. रात्री चेतना नाट्य मंचवाले, म्हणजे नक्षलवाद्यांचं कलापथक, ढोल घेऊन यायचे, नाचायचे, याला नावानं हाक मारायचे. आम्ही मात्र हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून मोकळे! गेला एक दिवस त्यांच्यामागं.

नक्षलवाद्यांसाठी सरकारची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे, चांगलीच आहे, पण ती परतणाऱ्यांसाठी. शाळा सुटलेल्या पोराच्या घरी कोण जातं, यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.