ऑनलाइन थेरपी, घरातला कूलर आणि दाराची कडी

ऑनलाइन थेरपी म्हणजे खऱ्या थेरपीची पातळ आवृत्ती, असा समज आपल्या नागपुरात चांगल्या शिकल्यासवरल्या घरांमध्येही पक्का आहे. आधी धंतोलीतल्या एका दवाखान्यात आणि नंतर पुण्याच्या थेरपिस्टकडे व्हिडिओ कॉलवर असे दोन्ही उपचार मी घेतले आहेत, आणि हा समज मला पटत नाही.

संशोधनही त्याला फारसा दुजोरा देत नाही. मानसशास्त्रज्ञ पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. इंटरनेटवरून दिलेली सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि समोरासमोर बसून दिलेली सीबीटी यांच्या परिणामांत त्यांना जवळजवळ फरक आढळला नाही. अर्थात त्यात प्रामुख्याने इंटरनेटवरचे धडे आणि सोबत थेरपिस्टचे मार्गदर्शन असा प्रकार होता, त्यामुळे तो निष्कर्ष व्हिडिओ कॉलला जसाच्या तसा लावता येत नाही. व्हिडिओपुरता विचार केला तर त्याच वर्षी आलेला नॉरवुड आणि सहकाऱ्यांचा आढावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. व्हिडिओवर थेरपिस्टशी जुळणारे नाते काहीसे कमी घट्ट असते, मात्र लक्षणे कमी होण्यात व्हिडिओ मागे पडत नाही, असे त्यात दिसले.

माझा अनुभव बराचसा असाच आहे. धंतोलीत मी बोलत असताना हातातला रुमाल पिळत असे आणि समोरच्या बाईंचे लक्ष माझ्या शब्दांआधी त्या रुमालाकडे जाई. त्यांचे निम्मे प्रश्न तिथूनच निघत. व्हिडिओवर खांद्याच्या खालचे काहीच दिसत नाही. परंतु वडिलांविषयीचा जो राग त्या खोलीत माझ्या तोंडून कधी फुटला नव्हता, तो पडद्यासमोर मात्र सहज बोलून गेले, कारण समोरचा माणूस हाताच्या अंतरावर नव्हता.

या सगळ्या तुलनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे बोलणाऱ्याला एकांत आहे. आपल्याकडे तोच नसतो. महाल भागातले जुने घर असो की मनीषनगरातला टू बीएचके, हॉलमध्ये सासूबाईंची मालिका चालू असते, मधल्या खोलीत मुलांचा अभ्यास चालतो आणि दार लावून घेतले की 'एवढा वेळ कोणाशी बोलत होतीस?' हा प्रश्न ठरलेला असतो. हेडफोनमुळे थेरपिस्टचा आवाज घरच्यांना ऐकू जात नाही, आपला मात्र जातोच. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीने आपले बोलणे भिंतीपलीकडे पोहोचत नाही हे खरे, पण मग ते पुण्यालाही पोहोचत नाही. गच्चीवर जावे तर मे महिन्यात रात्री आठलासुद्धा स्लॅब भाजत असतो. म्हणून कित्येक जण फुटाळा तलावाच्या काठी गाडी लावून, काचा वर करून सेशन घेतात. ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांचे सेशन 'हो', 'नाही', 'बरं आहे' यांवरच संपते, आणि मग ऑनलाइनमध्ये काही राम नाही, असा निकाल दिला जातो.

प्रत्यक्ष जाण्यातही आपल्या गावात अडचणी कमी नाहीत. धंतोली-रामदासपेठेत अर्धे शहर डॉक्टरांकडे येते, त्यामुळे बाकावर नंबर लागायच्या आत कोणीतरी काकू 'तू इथं कशी गं?' म्हणून विचारणारच. १८६४ पासून प्रादेशिक मनोरुग्णालय असलेल्या या शहरात आजही ऑटोवाल्याला पत्ता सांगताना आपण बिनदिक्कत 'पागलखाना चौक' म्हणतो, तिथे ही भीती उगाच नाही. भामरागडच्या किंवा मेळघाटातल्या माणसाचा तर नागपूरला येण्याजाण्यातच अख्खा दिवस मोडतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते, त्यामुळे अशा माणसाला 'प्रत्यक्षच जा' असे सांगणे म्हणजे उपचार घेऊ नकोस असेच सांगणे आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. दर आठवड्याच्या थेरपीची जागा मात्र तो घेत नाही.

काही ठिकाणी मी स्वतः प्रत्यक्ष भेटीचाच आग्रह धरीन. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील, किंवा त्रास देणारा माणूस शेजारच्याच खोलीत बसलेला असेल, तर व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी तपासावी, हे दोन्हीकडे लागू आहे.

नागपुरात गल्लोगल्ली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. त्यांतल्या काहींनी आतून कडी लागणारी एक लहान खोली तासाच्या भाड्याने द्यावी, कशासाठी हवी आहे हे न विचारता, अशी माझी सूचना आहे. कोणाच्या ओळखीतले अभ्यासिकाचालक तयार असतील तर मला इनबॉक्समध्ये कळवावे. पहिली ग्राहक मीच होईन.