वायफायसाठी भिंतीची जाडी नव्हे, माल बघा

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "भिंत जाड, तर वायफाय कमजोर. नव्या टॉवरच्या भिंती पातळ, म्हणून तिथे नेट पळतं. राउटरमागे फॉइल लावा, सिग्नल दुप्पट. तरी जमलं नाही तर 5जी राउटर घ्या." यावर विसंबून लोक पैसे घालवतायत, म्हणून लिहितोय.

जाडीची तुलना एकाच मालाच्या दोन भिंतींत करायची असते. नऊ इंची विटेची भिंत साडेचार इंचीपेक्षा जास्त सिग्नल खाते, हे बरोबर. पण पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये वीट नसतेच. मायवान पद्धतीत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात खोल्यांमधल्या भिंतीही आरसीसीच्या ओततात. काँक्रीट विटेपेक्षा जास्त सिग्नल शोषतं, आणि आतल्या सळया उरलेला विखुरतात. म्हणजे दिसायला पातळ भिंतच जास्त नडते.

भावाच्या अशाच फ्लॅटमध्ये मी मोबाइलवर सिग्नलच्या ताकदीचे आकडे बघत फिरलो. हे आकडे डीबीएममध्ये, उणे असतात; शून्याच्या जितके जवळ, तितका सिग्नल जोरदार. बेडरूममध्ये पलंगाच्या कोपऱ्यात उणे 72 डीबीएम. तिथून दोन पावलं सरकून हॉलमधल्या राउटरच्या रेषेत, उघड्या दारासमोर उभा राहिलो, तर उणे 56. राउटरपासूनचं अंतर जवळपास तेवढंच, पण 16 डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नल चाळीसपट! मधे फक्त ती एक भिंत.

विटेच्या घरातही एक जागा फसवते. कॉलम आणि वीटकाम जुळतं तिथे प्लास्टरला तडा जाऊ नये म्हणून कोंबडी जाळी मारतात. मायक्रोवेव्हच्या दारात असते तशी धातूची जाळी लहरी अडवते. राउटर नेमका त्या पट्ट्यावर टांगू नका. मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि पावसात ओल धरलेली भिंत यांचाही त्रास होतो.

फॉइल नवी ताकद तयार करत नाही, फक्त दिशा बदलतं. समोरच्या खोलीला थोडं मिळेल, मागच्या खोलीचं जाईल. आणि दुप्पट म्हणजे जेमतेम 3 डेसिबल. वरच्या 16 पुढे ते काय पुरणार?

राउटरवर दिसणारं '5जी' हे बहुतेक वेळा 5 गीगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या लहरींची वारंवारता असते, मोबाइलचं 5जी नव्हे. एकाच खोलीत ते वेगवान, पण भिंतीतून वायफायच्या दुसऱ्या, 2.4 गीगाहर्ट्झच्या सिग्नलपेक्षा लवकर मरतं. काँक्रीटच्या घरात लांबच्या खोलीसाठी त्यावर खर्च करू नका. आधी राउटर पॅसेजमध्ये, दारांच्या रेषेत आणून बघा. नाहीच जमलं तर भिंतीतल्या पाइपमधून लॅन केबल ओढून त्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारी डबी) लावा.