जुन्या डेस्कटॉपच्या वाय-फाय अॅडॉप्टरबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की आम्ही वाय-फाय अॅडॉप्टर (कंप्यूटरला वाय-फाय पकडून देणारं यूएसबीचं छोटं उपकरण) म्हणून जुना माल गळ्यात मारला, खोक्यावर ३०० लिहिलेलं असताना जेमतेम ४० एमबीपीएस मिळतात, नेट मधेच तुटतं आणि सकाळी तर वाय-फाय जोडलेलं दिसत असूनही एकही साइट उघडत नाही. त्याच वाय-फायवर मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो. सोबत दोन फोटो टाकलेत ते बरं केलंत, निम्मं उत्तर त्यांतच आहे.

स्क्रीनच्या फोटोत खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. १ जानेवारी २००९! आजकाल जवळजवळ प्रत्येक साइट उघडताना ब्राउझरला आपलं प्रमाणपत्र दाखवते. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यावर असतं आणि ब्राउझर ते कंप्यूटरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ मध्ये अडकलेलं असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेतो. मोबाइल वेळ नेटवर्ककडून घेतो, त्यामुळे त्याला हा त्रास होत नाही.

घड्याळ मागे का जातं? मदरबोर्डवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा चपटा गोल सेल असतो, तो संपलाय. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असणार, म्हणून तक्रार नेमकी सकाळी येते. आज फक्त तारीख-वेळ हाताने नीट लावा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. साइट उघडल्या तर दोष अॅडॉप्टरचा नाही हे तुमचं तुम्हालाच दिसेल. नंतर सेल बदलून घ्या. घरी बदलणार असाल तर आधी कंप्यूटरची विजेची पिन काढा, अधिकची खूण वर ठेवा आणि पुन्हा एकदा तारीख लावा.

आता दुसरा फोटो. अॅडॉप्टर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावलाय, कॅबिनेट टेबलाखाली आणि पाठ भिंतीला. नखाएवढ्या अँटेनासमोर पत्र्याची पेटी उभी केल्यावर रेंज कुठून यायची? यूएसबीची साधी एक्स्टेन्शन वायर लावून अॅडॉप्टर टेबलावर आणा. शिवाय विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अॅडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी’ अशा अर्थाची खूण असेल, ती काढून टाका. काही काम नसताना नेट जातं, त्यामागे बहुतेक वेळा हीच खूण असते.

३०० चं म्हणाल, तर तो आकडा खोटा नाही, पण तो राउटर आणि अॅडॉप्टर यांच्यातल्या जोडणीचा कमाल वेग आहे, डाउनलोडचा नव्हे. तोही ४० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनेल, म्हणजे वाय-फायच्या लहरींची वाट, मिळाला तर. तुमचा अॅडॉप्टर चालतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणारे २० मेगाहर्ट्झचे चॅनेल तीनच असतात. शेजारची वाय-फाय त्यावर गर्दी करतात, मग राउटर स्वतःच २० वर येतो आणि ३०० चे १४४ होतात. त्यातलाही बराच भाग उपकरणांनी आळीपाळीने बोलण्यात जातो. मध्ये दोन भिंती असताना ४० मिळणं मला वाईट वाटत नाही. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असतो, पण भिंतींपुढे तो लवकर दमतो, म्हणून तुमच्यासाठी तो सुचवला नाही.

‘जुना माल’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. तुमच्या मशीनवर विंडोज ७ आहे. नवे वाय-फाय ६ चे अॅडॉप्टर बहुतेक विंडोज १० किंवा ११ च मागतात, ७ साठी त्यांचे ड्रायव्हरच (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) मिळत नाहीत. तुम्हाला दिलेलं मॉडेल मुद्दाम निवडलं, कारण त्याचा ड्रायव्हर ७ वर चालतो. नवं महागडं खोकं देणं आम्हाला सोपं होतं, ते तुमच्याकडे चाललं नसतं.

आणि हो, विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट देणं थांबवलंय. कुठलाही अॅडॉप्टर लावला तरी हे बदलत नाही, तेव्हा बँकेची कामं त्या कंप्यूटरवर करू नका.

राउटरपासून कंप्यूटरपर्यंत केबल ओढायला तुम्ही नको म्हणालात, घर तुमचं आहे. पण माझं मत अजून तेच आहे. जुन्या मशीनच्या १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टवरही (ती केबल जोडायची जागा) ९० च्या आसपास वेग स्थिर मिळतो, आणि केबल १०० मीटरपर्यंत नेता येते.

सेल, एक्स्टेन्शन आणि ती खूण एवढं करूनही नेट तुटत असेल तर अॅडॉप्टर आणि कॅबिनेट घेऊन या. तुमच्यासमोर दुसऱ्या मशीनवर लावून बघू, खराब निघाला तर लगेच बदलून देऊ. मॉनिटर, कीबोर्ड आणायची गरज नाही, ते इथे आहेत.