ह्यात कुणीतरी जेवलंय

आज सकाळी भंगारवाल्यानं आमचा माल परत केला. भंगारवाल्यानं! जो माणूस फुटकी बादली नेतो, गंजलेला कुलर नेतो, त्यानं आमच्या पोत्यात हात घातला, बाहेर काढला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाला, "साहेब, ह्यात कुणीतरी जेवलंय."

कोल्हापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये चौदा फ्लॅट. तीन महिने जिन्याखाली सहा पोती भरत आणली होती. रद्दी, पुठ्ठे, बाटल्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. विकून येतील ते पैसे दिवाळीला कचऱ्याच्या टिपरवर येणाऱ्या दोघांना द्यायचे ठरलं होतं. आणि काल रविवार. कुणीतरी रात्री पार्सलचा सगळा पसारा गाठ मारून वरच्या पोत्यावर ठेवून दिला. तांबड्या रश्श्याची पिशवी, पांढऱ्याची पिशवी, खाली हाडं. मांजरानं रात्रीत आपलं काम केलं. दोन पोती पार भिजली आणि उरलेल्या चारांना वास लागला. नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आंबल्यावर काय वास मारतो ते ज्याला माहीत नाही त्यानं आमच्या जिन्याखाली यावं.

मी म्हटलं, बाबा, चार पोती तरी ने. तो म्हणाला, "सोडून बघायला माणूस लावायला लागंल. त्याची हजेरी कोण देणार?"

हेच. बाकी काही सांगायची गरजच नाही खरं तर. पण बिल्डिंगच्या ग्रुपवर जे सुरू झालं त्यामुळे डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी तीस वर्षं छापखान्यात काढली. आमच्याकडं कटिंगला निघणारी पांढरी कात्रणं वेगळ्या पोत्यात जायची, छापील वेगळ्या. पांढऱ्याचा भाव चांगला, छापील त्याखाली, आणि कुणी कामगारानं चहाचा कप त्यात फेकला की घेणारा घट धरायचा. कागद तोच, वजन तेच, भाव मात्र पडला. कागद मिलमध्ये जातो तेव्हा पाण्यात घोळून त्याचा लगदा होतो. लगद्यातली शाई काढता येते, तेल सहज निघत नाही. रश्श्याचा कट एकदा पुठ्ठ्यात मुरला की तो पुठ्ठा कागद म्हणून संपला. मग तो जाळायला तरी जावा, तर ओला माल जाळायलाही कुणाला नको असतो. सिमेंटच्या भट्टीलासुद्धा कोरडंच लागतं. शेवटी जाणार कुठं? बावड्याला, झूमच्या कचरा डेपोवर, त्या डोंगरावर. चोख मालाचे पैसे मिळतात, खरकट्या मालाचे आपण द्यायचे. घरफाळ्यातूनच देतो, पण ते आपल्याला दिसत नाही.

आता ती यंत्राची गोष्ट. जवळच्यांना माहीत आहे, तरी सांगतो.

गेल्या वर्षी आईचं कानाचं यंत्र हरवलं. रात्री काढून तिनं पेपरवर ठेवलं होतं, आणि सकाळी तो पेपर मी गोळा करून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबला. टिपर जाऊन अर्धा तास झाला होता. गाडी काढली, विचारत विचारत जिथं सुका कचरा निवडतात त्या शेडपर्यंत पोचलो. पत्र्याची शेड, ताडपत्री, सात-आठ बायका बसलेल्या आणि पुढं कमरेएवढा ढीग. मला वाटलं, संपलं. वीस-बावीस हजार गेले आणि आईची शिव्यांची लाखोली वर.

एक मावशी होत्या, साठीच्या असतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्यात दूध कुठलं येतंय?" सांगितलं. "चहा?" सांगितलं. "घरात गोळ्या कुणाला हायत? बीपीच्या का साखरेच्या?" मी आपला उत्तरं देतोय. चार-पाच पिशव्या चाचपून त्यांनी एक ओढली. "ही तुमची." उघडली तर माझीच! आईच्या गोळ्यांची पाकिटं, माझा पेपर, कोडं अर्धवट सोडवलेला. वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील.

आणि त्या पिशवीत सगळ्यावर दही. दह्याचा डबा मी न विसळता टाकलेला, झाकण निघालेलं, तीन दिवसांचं आंबट दही पेपरावर, गोळ्यांवर, यंत्रावर. मी. जो सगळ्या बिल्डिंगला ओला-सुका शिकवत फिरतो, तो मी. मावशींनी यंत्र पदराला पुसलं आणि हातात दिलं. मी पाचशेची नोट काढली तर म्हणाल्या, "पैसं ऱ्हाऊ देत, डबा तेवढा इसळून टाकत जावा."

तर आज ग्रुपवर मी फोटो टाकला आणि विचारलं, ही पिशवी कुणाची? उत्तर नाही. तिसऱ्या मजल्यावरून अंगठा आला. अंगठा कशाबद्दल? मग एक जण लिहितो, "सर, टिपरवाले तरी कुठं वेगळं ठेवतात? शेवटी सगळं एकत्रच." त्यावर सहा जणांचं "अगदी बरोबर". मग, "आपण घरफाळा भरतो, निवडायचं काम त्यांचं." त्यावर दहा.

हो, टिपरमध्ये ओला-सुका एकत्र पडताना मीही पाहिलंय. एकदा नाही, अनेकदा. कबूल. पण जिन्याखालच्या पोत्यात टिपरवाला उतरला होता काय रस्सा ओतायला?

आणि "त्यांचं काम" म्हणजे नक्की कुणाचं? सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचं, हे केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं. मुलांचे डायपरही त्यातच आले. ओला, सुका आणि घरातला घातक, असे तीन वेगळे घरातच करायचे हेही त्यातच होतं. हे काम आपलं. आपण दहा सेकंद वाचवतो आणि ती बाई दिवसभर त्यात हात घालते. हातमोजे का नाहीत विचारलं तर मावशी म्हणाल्या, मोजे घातल्यावर पिशवीतलं कळत नाही. दुधाची पिशवी कुठली आणि जाड प्लास्टिक कुठलं, बोटांना कळतं. चिप्सचं चकचकीत पाकीट त्या न बघता बाजूला टाकतात. आत थर असतात, ते एकमेकांपासून सुटत नाहीत, कुणी घेत नाही. माझ्या छापखान्यातल्या पोरांना कागदाचा ग्रॅमेज, म्हणजे जाडी-वजन, बोटांनी कळायचा, त्याचं आम्हाला केवढं कौतुक! ह्या बाईला आख्खं घर कळतं.

भाचा मेलबर्नला आहे. त्यालाही फोटो पाठवला. तो म्हणाला, मामा, आमच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यातही लोक न विसळलेल्या बाटल्या आणि डायपर टाकतात. कधी कधी कौन्सिलचा माणूस झाकण उघडून बघतो आणि डब्यावर शेरा लावून जातो. त्यांचा असला माल पूर्वी चीनला जायचा. 2018 पासून चीननं अट घातली, अर्ध्या टक्क्याहून जास्त घाण चालणार नाही. झालं, सगळ्यांची पळापळ. 2019 मध्ये तर मेलबर्नच्या कितीतरी कौन्सिलांचा वेगळा केलेला माल सरळ जमिनीत पुरला. म्हणजे आमच्या जिन्याखाली आज झालं तेच, फक्त जहाजातून. ऐकून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

(इंदूरचं उदाहरण कमेंटमध्ये देऊ नका. माहीत आहे. तिथं लोकांनी कचरा घरातच वेगळा करून दिला म्हणून जमलं.)

दुपारी राग उतरला. पोती गच्चीवर नेऊन ओतली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी आणि दुसरीतला त्यांचा आरुष मदतीला आले. त्याला दुधाच्या पिशव्या मोजायचं काम दिलं, एकशे बारा भरल्या. पिशवीचा कापलेला कोपरा मात्र एकीलाही चिकटलेला नव्हता. चिमूटभर तुकडा वेचायचा कुणी आणि विकायचा कुणी, तो डोंगरावरच जाणार. कोपरा पूर्ण कापू नका, चीर द्या, हे मी वहिनींना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरातही कापलेलाच असतो.

पुठ्ठा निम्मा गेला. बाटल्या धुतल्या. रद्दीतली वरची चळत काढून टाकली, खालची वाळत घातली आहे, वर विटा ठेवल्यात वाऱ्यासाठी. भंगारवाल्याला फोन केला, गुरुवारी येतो म्हणाला, "पण आधी वास घेणार."

पार्सलच्या पिशवीत हॉटेलचं बिल होतं. नाव नव्हतं, फक्त "दोन थाळी, एक जादा रस्सा, कमी तिखट". कोल्हापुरात कमी तिखट मागवणारं घर आमच्या बिल्डिंगमध्ये एकच आहे. मी काही बोलणार नाही.

आई खाली बसून विचारतेय, गच्चीवर कसला आवाज चाललाय. यंत्र लावलंय तिनं. लावायच्या आधी रोज एकदा नाकाशी नेते आणि माझ्याकडं बघते.