प्रहर कुठल्या सूर्याचा?

मृग लागेपर्यंत कोकणात घरांची शाकारणी उरकलेली असते, तरवा पेरलेला असतो, आणि गाणं ऐकणाऱ्या मंडळींत दरवर्षीचा एक वाद पुन्हा वर येतो. एका बाजूला ‘पाऊस आणि मल्हार, आठ तास, मन शांत करणारं संगीत’ असल्या प्लेलिस्टा. त्यांच्याविरुद्ध उभे राहणारे जाणकार म्हणतात की मल्हार पावसाळ्यातच, यमन दिवेलागणीलाच, बाकी सगळा बाजार. आणि या दोघांनाही हसणारा तिसरा गट विचारतो की वातानुकूलित सभागृहात कसला प्रहर नि कसला ऋतू?

रत्नागिरी-मालवणचे लोक हा वाद घालतात तेव्हा ‘ऋतू’ कोणता हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. तो बाहेर कोसळत असतो. इथे स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, अ‍ॅबरडीनला, तीच वाक्यं तपासून घ्यावी लागतात, कारण इथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि सूर्य मात्र वर्षभर वेड्यासारखा वागतो. इथून पाहता वाटतं ते असं: वेळेचा आणि ऋतूचा नियम टाकून देऊ नये, पण तो घड्याळाला किंवा पंचांगाच्या पानाला न बांधता ऐकणारा जिथे बसला आहे तिथल्या उजेडाला बांधावा. ‘शांत करणारं’ ही चिठ्ठी मात्र मल्हारावरून काढून टाकावी.

आधी उजेडाचं. प्रहर म्हणजे तीन तास, हे आपण शाळेत शिकतो. जुन्या हिशेबात दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर असत, आणि दिवस लहानमोठा होईल तसे तेही लहानमोठे होत. रत्नागिरीत हा फरक फारसा जाणवत नाही. तिथे दिवसाचा प्रहर डिसेंबरअखेर सुमारे पावणेतीन तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातीन तासांचा. अ‍ॅबरडीनला २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनच्या आतच मावळतो, म्हणजे प्रहर एक तास चाळीस मिनिटांचा. जूनमध्ये तो सव्वाचारच्या आसपास उगवून दहानंतर मावळतो, म्हणजे प्रहर जवळपास साडेचार तासांचा.

याचा व्यवहारात अर्थ काय? मारवा, पूर्वी, श्री, पूरिया धनाश्री हे संधिप्रकाशाचे राग. त्यांचा कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार त्या मावळत्या उजेडाशी जोडलेला आहे, सात वाजण्याशी नाही. रत्नागिरीला जूनमध्ये सूर्य बुडाल्यापासून साधारण पंचवीस मिनिटांत अंधार धरतो, त्यामुळे मारव्याची वेळ तिथे निसटती असते. इथे त्याच महिन्यात तो उजेड तासाभराहून जास्त टिकतो. सव्वादहाला विलंबित मारवा सुरू करावा, अकरानंतर यमन घ्यावा, घाई नसते. उलट डिसेंबरात मारव्याची वेळ साडेतीनला, भर कचेरीत येते, तेव्हा तो सोडून द्यावा. पण त्या महिन्यांत दुसरी सोय आहे. पहाटेचा ललत कोकणात ऐकायचा तर सहाला उठावं लागतं. इथे हिवाळ्यात तो आठ वाजता, मुलांचे डबे भरता भरता, अगदी आपल्या वेळेवर ऐकता येतो. नोकरी करणाऱ्या माणसाला पहाटेचे राग वेळेवर ऐकायला मिळावेत, ही सोय घरच्यापेक्षा परदेशातच जास्त आहे, आणि घड्याळ धरून बसणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.

समयचक्राला, म्हणजे रागांच्या ठरलेल्या वेळांना, थोतांड म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे. कर्नाटक संगीतात वेळेचा एवढा काटेकोरपणा नाही आणि त्या संगीताचं काही बिघडलेलं नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी जी व्यवस्था मांडली तिच्यात पूर्वांगवादी राग (मुख्य स्वर सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असलेले) दुपारी बारा ते रात्री बारा, उत्तरांगवादी राग (मुख्य स्वर वरच्या अर्ध्यात असलेले) पुढचे बारा तास, अशी विभागणी आहे, आणि तिला अपवादही भरपूर आहेत. पण जाणकारांच्या बाजूचा एक मुद्दा सहसा कुणी मांडत नाही. परंपरेनंच ऋतूला वेळेपेक्षा वरचं स्थान दिलेलं आहे. मियाँ मल्हाराची एरवीची वेळ मध्यरात्रीची, पण पावसाळ्यात तो कुठल्याही वेळी गावा. वसंत आणि बहार यांनाही वसंतात अशीच मोकळीक आहे. तेव्हा सकाळी दहाला, धो धो पाऊस चालू असताना, मियाँ मल्हार लावणारा माणूस काही मोडत नाही.

मात्र ऋतू स्वरांत कुठे असतो, हे ठाऊक नसेल तर ही सगळी चर्चा हवेत राहते. मियाँ मल्हार आणि बहार शेजारी ठेवून पाहावेत. दोघेही काफी थाटातले, म्हणजे स्वरांच्या एकाच चौकटीतले, दोघांतही कोमल गंधार आणि दोन्ही निषाद. स्वरांची यादी जवळपास एकच, आणि तरी एक पावसाचा, दुसरा वसंताचा. फरक चालीत आहे. मियाँ मल्हार खाली, मंद्र सप्तकात रमतो. कोमल निषाद, धैवत, शुद्ध निषाद, षड्ज अशी ती चढण सावकाश येते, गंधार मध्यमाच्या आधारानं झुलत राहतो, आणि रिषभावरून पंचमावर घेतलेली झेप त्याची ओळख पटवते. बहार मध्यमावर उडी मारूनच येतो, चढताना रिषभ टाळतो, आणि तार सप्तकाकडे पळत सुटतो. मेघ आणि मध्यमाद सारंग ही जोडीही अशीच: षड्ज, रिषभ, मध्यम, पंचम, कोमल निषाद, तेच पाच स्वर. सारंगात ते सरळ, मोकळे लागतात आणि वैशाखातली दुपार उभी राहते. मेघात रिषभावर मध्यमाचा भार येतो, मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि गमक (स्वराला दिलेले हेलकावे) येतात, आणि आभाळ भरून येतं. म्हणजे ऋतू स्वर लावण्याच्या पद्धतीत आहे. तो बाहेरून ओतायची गरज नाही.

प्लेलिस्टांवरचा माझा खरा आक्षेप इथे आहे, आणि तो पावित्र्याचा नाही, कानाचा आहे. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांची झालर. ती बरीचशी एक ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ध्वनिमुद्रित पाऊस काहीशे हर्ट्झपासून पार वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. तो मल्हारावर चढवला की जवारीच आधी बुडते, आणि जवारी बुडाली की झुलणाऱ्या गंधाराला टेकायला जागा राहत नाही. शिवाय कमी डेटा वापरणाऱ्या स्ट्रीमिंगला असा सलग खरखराट आवळून पाठवणं सर्वांत जड जातं. पावसाची खरखर सांभाळताना गाण्याचा तपशील जातो. कोकणातल्या कुठल्याही भजनीबुवांना विचारा, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ते पेटी जोरात ओढतात आणि गाणं वर चढवतात. त्या आवाजात कुणी आलापी करत नाही.

प्लेलिस्टवाल्यांचा दुसरा शोध स्वर ४३२ हर्ट्झला जुळवण्याचा. ‘निसर्गाच्या कंपनाशी जुळलेला मल्हार’ अशी जाहिरात असते. आपल्या संगीतात षड्ज मुळात ठरलेलाच नसतो; गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गातो, गायिका काळी चार किंवा पाचमध्ये, आणि गळा बसला असेल त्या दिवशी अर्धा स्वर खाली. मग कुठला आकडा निसर्गाचा?

शांततेबद्दल. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाची लय मिनिटाला बारा ते पंधरा मात्रा असली तर एक आवर्तन पाऊण ते एक मिनिटाचं होतं. एवढ्या संथ लयीत श्वास आपोआप लांबतो. मनाला निवांत करायचं तर काम ही लय करते, पाऊस नाही. मियाँ मल्हाराच्या द्रुत अंगात गमकांचा जो मारा असतो तो झोप लावायला केलेला नाही, आणि पावसाळी बंदिशींत विरहाची तगमग भरलेली असते. निव्वळ शांतता हवी असेल त्यानं यमनाचा आलाप लावावा, हंसध्वनी लावावा. मल्हाराला झोपेची गोळी करू नये.

‘पाऊस म्हणजे शांतता’ हे समीकरण दूर राहणाऱ्यांचं आहे, आणि त्या दूर राहणाऱ्यांत आम्ही परदेशी मराठी सगळ्यांत पुढे आहोत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेत दरड कोसळली. जुलैत घाटाकडे नजर लावून बसणाऱ्या माणसाला पावसाच्या आवाजानं झोप येत नाही, जाग येते. युरोपियनांनाही हे ठाऊक होतं. इटालियन संगीतकार विवाल्दीच्या ऋतूंवरच्या चार कन्चेर्तो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) १७२५ मध्ये आम्स्टरडॅमला छापल्या गेल्या, प्रत्येकीला एकेक सुनीत जोडून. इथल्या रेडिओवर ‘निवांत शास्त्रीय’ या नावाखाली त्यांतला हिवाळ्याचा संथ भाग वाजतो: तारा बोटांनी छेडून काढलेले थेंब, आणि सुनीतात शेकोटीशी सुखात बसलेला माणूस, बाहेर पाऊस. उन्हाळ्याचा शेवट त्या कार्यक्रमांत सहसा येत नाही. त्यात गारपीट उभं पीक झोडपते. पाऊस गोड लागतो तो घराच्या आत बसलेल्याला, हे त्या जुन्या सुनीतातही आहे.

मग परदेशात मल्हार कधी? इथली रिपरिप हा ऋतू नव्हे. वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बारा महिन्यांत वाटलेला. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मल्हारात आधीचा उन्हाळा गृहीत आहे, तापलेली जमीन गृहीत आहे. ती इथे नाही. इथला खरा ऋतुबदल एप्रिल-मे मधला, पाच महिन्यांच्या काळोखानंतरचा. बहार आणि हिंडोल इथे त्या दिवसांत जेवढे पटतात तेवढे कोकणात क्वचितच पटत असतील, कारण तिथे मोहोर थंडीतच येऊन जातो आणि चैत्रात घामाच्या धारा लागलेल्या असतात. कुणी म्हणेल, मग मल्हार सोडायचा का? नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, घरी पाऊस लागल्याची बातमी आली की लावावा, पण तो घरच्या आभाळासाठी लावतोय हे समजून. त्या जोरावर घरच्यांना शुद्धतेचे धडे देऊ नयेत, एवढंच.

वाद्यं नेणाऱ्यांसाठी थोडं, कारण दोन्ही किनाऱ्यांवर ती उलट कारणांनी बिघडतात. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. तंबोऱ्याची तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) आणि भोपळा ओल धरतात, घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती) किंचित हलते आणि जवारी बंद होते. अशा वेळी घोडी घासायला घेऊ नये; आधी तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवून पाहावा, कारण दिवाळीत हवा सुकली की घासलेली घोडी परत येत नाही. खुंट्या फुगून अडकतात, त्यांना जोर लावू नये. तबल्याची पुडी (वरचं कातडं) ढिली पडून स्वर उतरतो. सगळे गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) खाली ठोकून चढवला तर पाऊस उघडल्यावर पुडी फाटते. तबला कपाटात बल्बच्या उबेला ठेवावा आणि वाजवण्याआधी गजऱ्यावर (पुडीच्या काठावरच्या वेणीवर) हलक्या ठोक्यांनी जुळवावा. थेट आगीवर धरला तर शाई (पुडीवरचा काळा लेप) सुटते. परदेशात हीटर लावलेल्या खोलीत याच्या उलट होतं. कॅनडासारख्या कडाक्याच्या थंडीत घरातली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते. खुंट्या आकसून फिरतात (खडूची पूड लावावी), भोपळ्याला आणि तबलीच्या जोडाला चीर जाते. खोलीत पन्नास टक्क्यांच्या आसपास ओल राखणारा ह्युमिडिफायर हवा, वाद्य हीटरपासून दूर, आणि विमानात नेताना तारा दोन स्वर उतरवलेल्या.

राहिले कोकणातले आयोजक. मैफली तिथे थंडीत होतात, उघड्यावर, रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारातला महोत्सव जानेवारीतला. पाऊस नसतो म्हणून ते सोयीचं, पण त्यामुळे मल्हारांना त्यांच्याच गावात जागा मिळत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्यानं मध्यरात्रीचे रागही गेले. ऋतूनं वेळेची अट सैल केलेली आहेच, तर तिचा फायदा घ्यावा. श्रावणात दुपारी चारला, देवळाच्या सभामंडपात, पन्नास-साठ माणसांची बैठक करावी, ध्वनिक्षेपकाशिवाय. तबले दोन आणावेत, एक अर्धा स्वर चढा जुळवलेला. वीज जाणार हे धरून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर विसंबू नये. मंडप कौलारू असला तर उत्तम. पत्र्याचा असेल तर सर येऊन जाईपर्यंत चहा द्यावा आणि आलाप नंतर सुरू करावा.