‘दैवात होतं’ असं कोण म्हणतंय, ते आधी बघा

साहित्याच्या तासाला नियती आणि माणसाचं स्वातंत्र्य हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ग्रीक नाटकातल्या ईडिपस राजाच्या अधःपाताला नियती जबाबदार की त्याचा स्वभाव? शेक्सपिअरच्या मॅकबेथला चेटकिणींनी बुडवलं की महत्त्वाकांक्षेनं? कर्णाचं दैव वाईट की संगत वाईट? मुलं दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहितात, शेवटी ‘दोन्ही गोष्टी काही अंशी कारणीभूत आहेत’ असं लिहून मोकळी होतात आणि त्यांना मार्कही मिळतात. मी हायस्कूलच्या मुलांना साहित्य शिकवते आणि माझं ठाम मत आहे की हा प्रश्न परीक्षेतून काढून टाकावा. विषय नको म्हणून नव्हे. या वयाच्या मुलांना इतका जवळचा विषय दुसरा नाही, आणि हा प्रश्न त्याचाच जीव घेतो, म्हणून.

जगात नियती आहे की नाही, याचा निकाल भल्याभल्या तत्त्वज्ञांना लावता आलेला नाही. पंधरा वर्षांच्या मुलांनी तो एका तासात लावावा ही अपेक्षाच चुकीची. आणि साहित्यात ते ठरवायची गरजही नसते. नाटकात, महाकाव्यात नियती येते ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी तोंडून. कुणीतरी, एका विशिष्ट क्षणी, कुणाला तरी सांगत असतं की हे होणारच होतं. मग मुलांना विचारायचं ते हे: कोण म्हणतंय? कधी म्हणतंय? स्वतःच्या कृत्याबद्दल म्हणतंय की दुसऱ्याच्या?

उद्योगपर्वातली ती रात्र घ्या. युद्ध तोंडावर आलेलं आहे. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगतो म्हणून निघून गेलाय, आणि धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. विदुर त्याला रात्री जे सांगतो, तीच विदुरनीती. ती आपल्याकडे सुभाषितांसारखी सुटी सुटी वाचली जाते, पण तिचा शेवट फारसा कुणी वाचत नाही. सगळं ऐकून झाल्यावर धृतराष्ट्र म्हणतो, तू सांगतोस ते मला पटतं, माझी बुद्धी पांडवांकडे वळतेही, पण दुर्योधन भेटला की ती पुन्हा फिरते. आणि लगेच पुढे म्हणतो, दैव ओलांडणं कुणालाच शक्य नाही, माणसाचे प्रयत्न व्यर्थ आहेत.

मी वर्गात या दोन वाक्यांच्या मध्ये थांबते. पहिल्या वाक्यात या माणसानं स्वतःच कारण सांगून टाकलंय. कधी फिरते बुद्धी? मुलगा समोर आला की. इतकं स्वच्छ निदान विदुरालाही जमलं नसतं. आणि दुसऱ्याच वाक्यात तो ते दैवाच्या पदरात घालतो. मुलांना हे दाखवून द्यावं लागत नाही, त्यांच्या आधीच लक्षात येतं. पुढे युद्धाच्या बातम्या ऐकताना तो पुन्हा पुन्हा दैवाचं नाव घेतो आणि संजय त्याला वारंवार सुनावतो की महाराज, हा तुमचाच दोष आहे. अख्खी युद्धपर्वं या तक्रारीच्या आणि या उत्तराच्या सावलीत सांगितलेली आहेत, हे मला फार मोठं वाटतं.

आता अयोध्याकांड. राज्याभिषेक मोडलाय, वनवास ठरलाय, लक्ष्मण संतापानं पेटलाय. राम त्याला सांगतो, कैकेयीनं माझ्यात आणि भरतात कधी भेद केला नाही, तिच्या तोंडून असे शब्द निघाले ते दैवामुळेच, तिला दोष देऊ नकोस. लक्ष्मण हे उडवून लावतो. दैवाच्या मागे दुबळे जातात, म्हणतो, पुरुषार्थ दैवाला कसा मागे सारतो ते आज लोकांना दिसेल. वर्ग जवळजवळ नेहमी लक्ष्मणाच्या बाजूला जातो, आणि जाऊ द्यावा. त्याचा राग खरा आहे, त्याचा मुद्दाही खरा आहे.

पण धृतराष्ट्र आणि राम शेजारी ठेवून बघा. दोघेही दैवाचंच नाव घेतात. एक स्वतःच्या कृत्याची जबाबदारी झटकण्यासाठी घेतो. दुसरा, जिनं आपलं सर्वस्व काढून घेतलं तिच्यावरचा आरोप उतरवण्यासाठी घेतो, आणि स्वतः मात्र वनात जायचा निर्णय स्वतःचा म्हणून पाळतो. दैव आहे की नाही हा वाद इथे बाजूलाच राहतो. कुणाच्या वतीनं बोलताय, यावर सगळं फिरतं. मी इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, त्यातून माझ्या हाती आलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही.

चेटकिणींचं भविष्य ऐकून राजाचा खून करणाऱ्या सरदाराचं नाटक म्हणजे मॅकबेथ. ते शिकवताना एका मुलीनं मध्येच विचारलं, “मॅडम, पण खून कर असं चेटकिणी कुठे म्हणाल्यात?” सगळ्या वर्गानं पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश उलटापालटा केला. नाहीच म्हणालेल्या. त्या त्याला तीन नावांनी हाक मारतात. ग्लॅमिसचा सरदार, तो तर तो आहेच. कॉडरचा सरदार, ते पद राजानं त्याला आधीच्याच प्रवेशात देऊन टाकलंय, फक्त त्याला अजून कळलेलं नाही. आणि पुढे राजा होशील. बस. खुनाचा शब्द नाही. उलट त्याच प्रवेशात मॅकबेथ स्वतःशी म्हणतो की नशिबात राजेपद असेल तर नशीबच मला मुकुट घालेल, मला हालचालही करायला नको. म्हणजे न करण्याचा रस्ता त्याला दिसलेला होता. शेजारी त्याचा सोबती बँकोही उभा आहे. तुझे वंशज राजे होतील असं त्यालाही सांगितलंय. मोह त्यालाही पडतो, पण तो कुणावर सुरा उगारत नाही.

एवढ्यावर वर्ग खूश झाला होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला: “पण त्या भेटल्याच नसत्या, तर त्याला हे सुचलं असतं का?” याचं उत्तर माझ्याकडे नाही, नाटकातही नाही. भविष्य ऐकण्याचाच परिणाम होतो, ऐकणाऱ्याच्या आत आधीपासून जे असेल त्याला ते हात घालतं, इथवर आम्ही पोचलो. पुढच्या तासालाही तोच वाद चालू राहिला. ‘महत्त्वाकांक्षेचे दुष्परिणाम’ असं फळ्यावर लिहून हा धडा संपवता येतो, पण मग हा वाद होत नाही.

रोमिओबद्दल थोडक्यात. आपण नशिबाच्या हातचं खेळणं झालो असा आक्रोश तो कधी करतो? ज्युलिएटच्या नात्यातल्या टिबॉल्टला स्वतःच्या तलवारीनं मारल्यावर, लगेच. पण त्याच नाटकात पुढे ज्युलिएटचा मेल्याचं सोंग घेण्याचा बेत सांगणारं पत्र त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण ते नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयानं घरात कोंडून ठेवलेलं असतं. यात कुणाचा स्वभाव आड आला? कुणाचाच नाही. म्हणून ‘नशीब’ म्हणणारा प्रत्येक माणूस पळवाट काढतोय, असंही मुलांच्या मनात भरू नये.

उलट बाजूही तपासावी लागते. दोष ग्रहताऱ्यांचा नाही, आपला आहे, हे शेक्सपिअरचं वाक्य प्रेरणादायी म्हणून भिंतींवर लावलं जातं. ते म्हणतो ‘ज्युलियस सीझर’ नाटकातला कॅशियस, आणि म्हणतो ते ब्रूटसला सीझरच्या खुनाच्या कटात ओढण्यासाठी. स्वातंत्र्याची भाषासुद्धा कुणाला तरी गुंतवायला वापरता येते. हाच कॅशियस शेवटच्या अंकात, फिलिपायच्या लढाईआधी, सैन्यावरून कावळे आणि घारी घिरट्या घालताना बघतो आणि सांगतो की शकुन-अपशकुनावर आता माझा थोडा विश्वास बसायला लागलाय. पराभव दिसायला लागल्यावर माणसाचं तत्त्वज्ञान कसं सरकतं, ते या दोन जागा जोडून वाचल्या की कळतं. भिंतीवरच्या वाक्यातून कळत नाही.

ईडिपस हे तर या विषयाचं मूळपीठ. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं सोफोक्लिसचं नाटक. ऑक्सफर्डचे ग्रीक साहित्याचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांचा 1966 सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे, तो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांपासूनच सुरू होतो. काहींनी लिहिलं होतं, ईडिपस तापट आणि गर्विष्ठ, म्हणून त्याला शिक्षा झाली. काहींनी लिहिलं होतं, सगळे देवांच्या हातातल्या कळसूत्री बाहुल्या. डॉड्सना दोन्ही पटलं नाही. होणार हे कुणाला आधी कळलं, म्हणून ते कुणी करायला लावलं असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. माझ्या वर्गातल्या वह्यांमध्ये आजही हीच दोन उत्तरं येतात.

नाटक नीट बघितलं तर ईडिपसबद्दल भाकीत होतं ते बापाचा खून आणि आईशी लग्न यांचं, आणि हे दोन्ही पडदा उघडण्याच्या आधीच त्याच्या हातून नकळत घडून गेलंय. भाकीत पुरं झालेलं आहे. रंगमंचावर आपण जे बघतो ते त्या भाकितात नव्हतंच. शहरात रोगराई पसरलीय, जुन्या राजाचा खुनी शोधायचाय, आणि तो खुनी आपणच हे ठाऊक नसलेला ईडिपस शोधतो. भविष्यवेत्ता टायरेसियस सांगतो, मला घरी जाऊ दे. योकास्ता, त्याची राणी आणि आई, विनवते, आता पुढे विचारू नकोस. म्हातारा गुराखी गयावया करतो. प्रत्येक जण त्याला थांबायची संधी देतोय, आणि प्रत्येक वेळी तो पुढे जातो. हे भाग पाडणारी कुठलीही देववाणी नाही. शेवटी तो योकास्ताच्या वस्त्राच्या पिना काढून स्वतःचे डोळे फोडतो. कुठल्या देवानं तुला हे करायला लावलं, असं कोरस, म्हणजे नाटकातला गायकांचा समूह, विचारतं, तेव्हा तो म्हणतो, माझं हे दुःख अपोलो देवानं आणलं, पण घाव घालणारा हात माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

या एका उत्तरात दोन्ही गोष्टी आहेत, पण ‘दोन्ही काही अंशी’ अशा गोळाबेरजेत नाहीत. त्यानं त्या वेगळ्या केल्यात. हे माझ्यावर आलं, हे मी केलं. आयुष्याच्या अखेरीस सोफोक्लिसनं पुन्हा त्याच माणसावर नाटक लिहिलं, ‘ईडिपस अ‍ॅट कोलोनस’. तिथला म्हातारा, आंधळा ईडिपस ठणकावून सांगतो की बापाला मी ओळखत नव्हतो, नकळत घडलेल्या त्या गोष्टींचा दोष माझ्यावर नाही. आणि असंही म्हणतो की तेव्हा रागाच्या भरात मी स्वतःला गुन्ह्यापेक्षा जास्त शिक्षा केली. शिकवताना हे दुसरं नाटक बहुतेक वेळा सुटतं. निदान एवढा भाग तरी मुलांना सांगा. जे आपल्या हातात नव्हतं त्याचा दोष स्वतःवर घेत राहणं हेही एक मोठं दुःख आहे, आणि वर्गातल्या काही मुलांना ते दुःख आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

कारण या मुलांनी घर निवडलेलं नाही, शरीर निवडलेलं नाही, आईबापांची ऐपत निवडलेली नाही. आणि त्यांच्याबद्दल भाकितं मात्र सगळे करतात. हिला गणित जमणार नाही. हा बापावर गेलाय. ही नाव काढणार. वर आपणच त्यांना सांगतो की मनापासून मेहनत केली की सगळं मिळतं. हे वाक्य मला क्रूर वाटतं, मेहनत करूनही न मिळालेल्या मुलासाठी तर फारच. तो निमूटपणे मान्य करतो की खोट आपल्यातच आहे. सगळं दैवावर सोडणं जितकं घातक, तितकंच हे. एका मुलानं मॅकबेथच्या धड्याखाली वहीत पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘बँकोपण ऐकतो.’ ते उत्तर नव्हतं, प्रश्नही कुणी दिलेला नव्हता. त्याला कुणी काय ऐकवलं होतं, मला माहीत नाही.

मी सगळ्यात शेवटी कर्ण घेते, कारण त्याच्यावर आपला इतका जीव असतो की त्याला नीट वाचणं अवघड जातं. शाप आहेत, जन्माचा अन्याय आहे, सगळं खरं. पण उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात बसवून त्याच्या जन्माचं रहस्य सांगतो आणि पांडवांमध्ये थोरला म्हणून राज्य देऊ करतो. दार उघडं आहे. कर्ण नाही म्हणतो. वाढवणाऱ्या राधेच्या मायेचं सांगतो, अधिरथानं बाप म्हणून केलेलं सगळं सांगतो, दुर्योधनाच्या आधाराचं सांगतो. हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, नाहीतर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन, असंही बजावतो. आपली बाजू हरणार हे त्याला माहीत आहे. हजार खांबांच्या प्रासादावर भावांसह चढणारा युधिष्ठिर त्यानं स्वप्नात पाहिलाय. आणि याच संभाषणात तो एक वाक्य बोलतो, ज्याच्यावरून वाचक झरकन पुढे जातात: दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना मी जे कठोर शब्द बोललो, त्याचा मला आज पश्चात्ताप होतोय.

तिथे तो दैवाचं नाव घेत नाही. शापाचं नाही, जन्माचंही नाही. मी बोललो, म्हणतो.

यावर वर्गात एकमत होत नाही. पश्चात्ताप झालाय तर मग लढतो कशाला त्याच बाजूनं, असं एक जण विचारते. राधेला सोडून गेला असता तर तू त्याला चांगला म्हणाली असतीस का, असं दुसरी तिला विचारते. या वादाचा गुणांकनाचा तक्ता बनवता येत नाही, आणि कुणी बनवायला सांगितला तर मी बनवणार नाही.